न मारलेल्या हाका

२०६१ साली, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल नसेल, कराडच्या शलाका चौगुलेच्या लॅपटॉपने मान टाकली. अगदी बंद पडला असं नाही. पण खेळ सुरू केला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, घाट चढताना चित्र अडखळायचं, आणि ‘सातघाट’ची नवी आवृत्ती तर त्याने घ्यायलाच नकार दिला.

त्या काळी लॅपटॉप मांडीवर घेणारं कुणी उरलं नव्हतं. पडदा भिंतीवर असायचा, कळा टेबलाच्या पृष्ठभागात, आणि यंत्र म्हणजे पुस्तकांच्या फळीवर ठेवलेला एक करडा डबा. तरी लोक त्याला लॅपटॉपच म्हणत. फोनला तबकडी नसतानाही शलाकाचे आजोबा शेवटपर्यंत ‘नंबर फिरव’ म्हणायचे, तसंच ते.

शलाका सहासष्ट वर्षांची होती आणि बावन्न वर्षांच्या बाईला लाजवील अशी गाडी चालवायची. खरी नव्हे, खेळातली. हा नाद लागला २०१४ साली, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. खोलीत लॅपटॉप एकच, शलाकाच्या वडिलांनी अभ्यासाला म्हणून घेऊन दिलेला. त्यावर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आला आणि अभ्यास राहिला बाजूला. यंत्र इतकं तापायचं की त्याच्या चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ठेवावी लागत. एकीनेच कळा दाबायच्या म्हटल्यावर दुसरीने करायचं काय? तर दुसरी, म्हणजे मिरजेची रुबीना मुल्ला, शेजारी मांडी घालून बसायची आणि नकाशावरची पुढची वळणं ओरडून सांगायची. ‘डावं, लांब! उजवं, आखूड, कठडा!’ अर्ध्या मजल्याला ती वळणं पाठ झाली होती. लाइट गेली की सगळ्या मजल्यावरून एकच ओरडा उठायचा.

पुढे ‘सातघाट’ आला तो जणू या दोघींसाठीच बनवलेला. त्यात चालकाला फक्त धुकं दिसतं आणि बोनेटपुढचा वावभर रस्ता. पुढची वळणं दिसतात ती दुसऱ्या घरी, दुसऱ्या पडद्यासमोर बसलेल्या वाटाड्याला. घाट दर खेळाला नवा, त्यामुळे पाठ करून उपयोग नाही. वाटाड्याने हाक मारायची, चालकाने विश्वासाने वळायचं. नवरे आले, मुलं झाली, बदल्या झाल्या, मध्ये एकदा रुबीनाच्या भावाच्या लग्नावरून दोघींत वर्षभर अबोला झाला. त्या वर्षातही एक दिवस रुबीनाने नुसतं ‘तयार?’ असं लिहून पाठवलं आणि अबोला घाटातच संपला. आता दोघी निवृत्त होत्या. रोज दिवेलागणीला खेळ ठरलेला.

दुकानातल्या माणसाने डबा उघडून पाहिला आणि दोन वाटा सांगितल्या. “आतला बोर्ड बदलून देतो, स्मृती जुनीच ठेवतो. तुमच्या हाताची सवय तशीच राहील. नाहीतर नवा घ्या. नवा जास्त झकास चालेल, पण कोरा येईल.”

“नवा घे गं,” रुबीना मिरजेहून म्हणाली. “त्या डब्याला आता पेन्शन दे.”

“माझा हात बसलाय त्याच्यावर.”

“हात तुझा आहे ना? तो काय डब्यात राहतो?”

शलाकाला रागच आला.

त्याच आठवड्यात घरात लग्न होतं, म्हणून शलाकाच्या बहिणीची मुलगी ऋजुता पुण्याहून आली. ऋजुता माणूस आणि यंत्र यांच्या मधल्या उशिरावर संशोधन करायची. घरातल्या कुणालाच हे नीट कळत नसे. बहीण विचारणाऱ्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगून सुटायची.

“मावशी, बोर्ड बदलायच्या आधी मला त्याचा पुढावा बघू दे,” ती म्हणाली.

“हे काय नवीन?”

“नवीन कुठलं? तुझ्या डब्यात पहिल्या दिवसापासून आहे. तू कधी विचारलं नाहीस, त्याने कधी सांगितलं नाही.” ऋजुता खुर्ची ओढून बसली. “हे बघ. डोळ्याने काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत तरुण माणसाचासुद्धा पाव सेकंद जातो. वय वाढलं की जास्त. त्यात तारांचा उशीर, पडद्याचा उशीर. तुम्ही लोक पूर्वी त्याला लॅग म्हणायचात.”

“म्हणायचो नाही, शिव्या घालायचो.”

“पुढावा तो उशीर खाऊन टाकतो. तू कधी काय दाबतेस ते त्याने अकरा वर्षं पाहिलंय. तुझा हात कुठे जाणार ते त्याला तुझ्या आधी कळतं, आणि तो तुझ्या आधी दाबून मोकळा होतो. मागोमाग तुझं बोट येतंच. दोन्ही जुळलं की कुणाला पत्ता लागत नाही. हाताच्या पुढे जातो म्हणून पुढावा.”

“आणि नाही जुळलं तर?”

“तर तो माघार घेतो आणि तुझं ऐकतो. निदान सुरुवातीची काही वर्षं.”

शलाका हसली. “म्हणजे पाव सेकंदाची मदत. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात हात द्यावा तशी. देऊ दे की.”

ऋजुता फोन घेऊन गॅलरीत गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. लग्नाचंच काहीतरी असणार, असं शलाकाला वाटलं. संध्याकाळी ती म्हणाली, “आज मी मागे बसून बघते हं.”

खेळ सुरू झाला. पंखा घरघरत होता, चित्र मधूनच थबकत होतं, पण शलाकाचा हात त्या दिवशी फार सुरेख चालला. रुबीनाची हाक यायची आणि गाडी पाण्यासारखी वळायची. डावं, लांब. उजवं, आखूड, कठडा. डावं, मग लगेच उजवं, पूल. गाडी घाटाखाली उतरली तेव्हा वेळ त्या महिन्यातली सगळ्यात चांगली होती. शलाकाने खुर्चीतच टाळी वाजवली.

“ऐकलंस ना ऋजू, आमची जोडी!”

पलीकडून रुबीनाचा आवाज आला नाही.

“रुबे? झोपलीस का?”

“शले,” रुबीना म्हणाली, “अर्ध्या घाटानंतर मी तोंडच उघडलं नाही.”

“चल, काहीतरी सांगू नकोस. पुलाचं वळण कुणी सांगितलं मग? ‘डावं, मग लगेच उजवं, पूल.’ अगं, मी ऐकलं.”

“मी गप्प होते गं. तुझ्या भाचीने सांगितलं होतं गप्प बस म्हणून. मला वाटलं, पडशील, आणि आपण हसू.”

ऋजुताने आवाजाची फीत लावली. सुरुवातीला रुबीनाच्या हाका होत्या, खणखणीत, थोड्या घोगऱ्या. मग इंजिनाचा आवाज, टायरांचा आवाज, शलाकाचा श्वास. पूल आला, पूल गेला. मध्ये कुणीही काही बोललं नाही. शलाकाने फीत पुन्हा लावायला सांगितली. तिला अजूनही त्या जागी हाक ऐकू येत होती. म्हणजे आठवत होती, अगदी शब्दानिशी. फितीत फक्त ती नव्हती.

“मला कानाचा काही आजार आहे का?” तिने विचारलं.

“कान छान आहे,” ऋजुता म्हणाली. “धुकं तुझ्यासाठी असतं मावशी, लॅपटॉपसाठी नाही. पुढचा रस्ता त्याच्याकडे आधीच आलेला असतो. नाहीतर तो पडद्यावर काढणार कसा? आधी पुढावा शिकला, हाक आल्यावर तुझा हात कसा जातो ते. मग त्याच्या लक्षात आलं, हाक आणि रस्ता नेहमी जुळतात. तेव्हा मधल्या हाकेची वाट कशाला बघायची? तो रस्ता बघून परस्पर वळायला लागला.”

“पण कळ मी दाबली.”

“दाबलीस. गाडी वळलेली पाहून, मागाहून. बोट आणि गाडी जवळजवळ एकदम हलले की मेंदू म्हणतो, हे मीच केलं. मी केलं तर कशावरून केलं? रुबीनामावशीने सांगितलं म्हणून. मग हाक आलीच असणार. म्हणून मेंदूने ती त्या जागी ठेवून दिली. तू खोटं बोलत नाहीयेस. सगळ्यांचा मेंदू असाच करतो. मी स्वतःवर करून पाहिलंय, आणि माहीत असूनही मला ऐकू आलं.”

“किती वर्षं?” रुबीनाने विचारलं. “मी किती वर्षं रेडिओसारखी बडबडतेय?”

“नक्की नाही सांगता येणार. चार, कदाचित पाच.”

“बघ की. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मी पलंगावर बसून हाका मारल्या होत्या. नर्स म्हणाली, आजी, कुणावर ओरडताय? मी म्हटलं, मी नाही बोलले तर माझी मैत्रीण दरीत जाईल.” रुबीना हसली, पण त्या हसण्यात हवाच नव्हती.

आता प्रश्न बोर्डाचा राहिला नव्हता. ऋजुताने सरळ मांडून दाखवलं. बोर्ड बदलला तर पुढावा जशाचा तसा राहील, गाडी अशीच पाण्यासारखी वळेल, आणि शलाकाला प्रत्येक वळण स्वतः घेतल्यासारखं वाटेल. नवा घेतला तर पुढावा बंद ठेवता येईल; जुन्यात ती सोय नव्हती. मग शलाकाचा हात आज खरोखर जसा आहे तसा पडद्यावर दिसेल.

“कसा आहे तो?” शलाकाने विचारलं.

“मला माहीत नाही. तुलाही नाही. इतकी वर्षं कुणी पाहिलाच नाही.”

रुबीना म्हणाली, “तुझं तू ठरव. खेळ तुला आवडतो, तर सुखाने खेळ. पण बोर्डच बदलणार असशील तर मला आधी सांग. मी संध्याकाळी फिरायला जाईन.”

रात्री शलाका जेवली नाही. हॉस्टेलची खोली आठवत बसली. तिथे तर ती किती वेळा दरीत गेली होती! रुबीनाने जीव तोडून ओरडावं, शलाकाने उशिरा वळावं, गाडी कोलांट्या खात खाली जावी आणि दोघींनी पोट धरून हसावं. हल्ली त्या दोघी कधी दरीत गेल्या होत्या ते तिला आठवेना.

सकाळी तिने दुकानात फोन केला. “नवा द्या. आणि ते पुढावा का काय, ते बंद करून द्या.”

नव्या यंत्रावर पहिल्या संध्याकाळी गाडी पहिल्याच वळणाला कठडा तोडून गेली. दुसऱ्यांदा तिसऱ्या वळणाला. “आधी, आधी! डावं म्हटलं की डावं!” रुबीना ओरडत होती, आणि तिच्या आवाजात किती वर्षांनी घाम आला होता. ती मनापासून खूश होती. शलाकाने मात्र कळांवरून हात उचलून समोर धरला. तिला तो ओळखीचा वाटेना. हाक ऐकल्यावर हाताने जागं व्हायला इतका वेळ घ्यावा, आणि मग कसंबसं सरकावं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललं आहे आणि आपण काचेतून बघतो आहोत, असं तिला वाटलं. ज्या हाताला ती आपला समजत होती तो दुकानदाराने खोक्यात भरून नेला होता.

“हे मी नाही गं चालवत,” ती म्हणाली.

“तूच आहेस,” रुबीना म्हणाली. “अशीच होतीस. चल, पुन्हा.”

पुढे काय झालं ते थोडक्यात असं.

जुना डबा ऋजुताने दुकानातून मागून घेतला आणि पुण्याला नेला. तिने घरी केलेल्या प्रयोगाला पुढे मौनचाचणी असं नाव पडलं आणि ती पुष्कळ ठिकाणी झाली. फक्त खेळांत नव्हे. पुढावा तोपर्यंत मोटारींत होता, शस्त्रक्रियेच्या टेबलांत होता, पत्रं लिहिणाऱ्या यंत्रांत होता. सगळीकडे माणसं शपथेवर सांगत होती की त्यांनी आधी ठरवलं आणि मग केलं. शेवटी नियम आला की पुढावा चालू असेल तर यंत्रावर एक हिरवा दिवा पेटला पाहिजे. दिवे बसले. लोकांना तो डोळ्यांत खुपायचा, म्हणून कुणी त्यावर चिकटपट्टी लावली, कुणी मुलांचं स्टिकर, आणि थोड्याच दिवसांत खाली काय आहे ते विसरूनही गेले.

रुबीनाची दृष्टी अधू झाली, पण मोठ्या पडद्यावर वळणं दिसत तोवर तिने हाका मारणं सोडलं नाही. लेकीने कितीदा सांगितलं, आई, आता पुरे. ती म्हणायची, माझी मैत्रीण दरीत जाईल.

शलाकाची गाडी हळूहळू सुधारत गेली. २०६५ साली ऋजुता पुन्हा कराडला आली तेव्हा मावशीची वेळ जुन्या दिवसांइतकी चांगली होती. “माझ्या हाताने,” शलाका येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. “पुढावा बंद. पहिल्या दिवसापासून बंद. हात बसला शेवटी.”

चहा टाकायला ती आत गेली तेव्हा ऋजुताने फळीवरचा डबा पाहिला. दिव्याच्या जागी कपाळाला लावतात तशी मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. तिने नखाने टिकलीची कड उचलली. खाली हिरवा उजेड होता; पुढावा कधीतरी पुन्हा चालू झाला होता. तिने टिकली पुन्हा नीट दाबून बसवली.

दिवेलागणीला मिरजेहून आवाज आला, “तयार?” ऋजुता मागे बसून कान देऊन ऐकत राहिली. रुबीना एकेक वळण सांगत होती, जीव लावून, एकही न चुकता. आणि प्रत्येक वळणाला गाडी तिच्या हाकेच्या आधी, अगदी जरासंच आधी, वळत होती.

“बघितलंस?” शलाका पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “तिची हाक आली की हात आपोआप जातो.”

ती खोटं बोलत नव्हती.