जो आणतो, त्यानेच कापायचं

"ताई, उद्या तू चर्चमध्ये येऊ नकोस," आरशासमोर कॉलर नीट करता करता धाकटा म्हणाला, आणि मोरीत कोपरापर्यंत साबण चोळत असलेली ताई तशीच थांबली... हातांवरून फेस ओघळत राहिला.

"का रे?"

"मोठ्या चर्चसाठी पाळक निवडणारी समिती येणार आहे, माझा उपदेश ऐकायला. आणि तुझ्या अंगाला जरा... वास येतो."

येणारच! सव्वीस वर्षं वडिलांचं मटणाचं दुकान तिने एकटीने चालवलं होतं. वडील गेले तेव्हा हा दहा वर्षांचा. तिने ठरलेलं लग्न मोडलं, सुरा हातात घेतला आणि त्या सुऱ्याच्या जिवावर ह्याला धर्मशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचवला. आता ह्या पदवीधर नाकाला वास सोसेना.

"विषय काय उपदेशाचा?"

"प्राचीन इस्राएलांची अर्पणं आणि ख्रिस्ताचं बलिदान."

"म्हणजे तासभर तू रक्त, चरबी आणि गुरद्यांवर बोलणार, आणि समितीला वास येणार तो माझा. बरं, ऐकव तरी."

धाकट्याने कागद उचलला. उपदेशाचा म्हणून त्याने एक खास आवाज कमावला होता, विहिरीतून आल्यासारखा. "मग तो पापी मनुष्य आपलं निर्दोष कोकरू वेदीपाशी याजकाच्या स्वाधीन करी, आणि याजक त्याचा गळा..."

"चूक. लेवीय, पहिला अध्याय उघड. जो आणतो त्याने जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि त्यानेच कापायचं. याजकाने रक्त शिंपडायचं आणि विस्तव पेटवायचा, बस."

"तू लेवीय कधी वाचलंस?"

"गिऱ्हाईक नसतं तेव्हा. अख्ख्या बायबलात माझ्या धंद्याचं तेवढं एकच पुस्तक."

त्याने पान उघडलं, वाचलं. कान लाल झाले. "बारीकसा तपशील आहे," तो पुटपुटला.

तिच्या अंतःकरणात इतकी वर्षं दाबलेलं काहीतरी उसळून वर आलं. "तपशील? अरे, त्यातच तर सगळं आहे. हाताखाली तो जीव धडधडत असतो, गरम असतो... आपल्यापायी कोण जातंय ते माणसाला कळावं म्हणून तो हात. तू कधी ठेवलास कुणाच्या डोक्यावर? ताटात आलं ते खाल्लंस. आणि वर लोकांना सांगतोस, ख्रिस्त एकदाच बळी गेला, सर्वांसाठी, कायमचा, आता दुसरा बळी नको. मग ह्या घरात मी कोण होते रे? देवाला एक पुरला. तुला रोज लागतो."

ताईने हात पुसले, आणि पुसता पुसता तिला स्वतःचीही किळस आली. तिला तरी कुणी बांधून ठेवलं होतं? कोकराला निदान आपण कोकरू असल्याचा गर्व नसतो. तिला होता... चांगला मुरलेला होता.

रविवारी ती गेली, थेट दुकानातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. शेवटच्या बाकावर बसली. धाकटा वर उभा राहिला, कागद उघडला आणि पुन्हा मिटला.

"काल मी माझ्या बहिणीला इथे येऊ नको म्हणालो," तो म्हणाला. "ती खाटीक आहे. तिने मला वाढवलं, आणि मी तिला लपवत आलो. येशू म्हणतो, तू वेदीपाशी अर्पण आणलंस, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर."

तो खाली उतरला. समितीच्या पाच माना कोंबड्यांसारख्या एकदम वळल्या. ह्याला माफी मागायलाही श्रोते लागतात, ताईच्या मनात आलं. पण जवळ येऊन तो बोलला तेव्हा विहिरीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"ताई... चुकलो."

रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. डोळ्यांनी ऐकलं नाही.

"समिती तुला घेणार नाही आता," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे."

त्या दोन शब्दांपाशी तिचा सगळा तिरस्कार लंगडा पडला. तिने त्याच्या गालावर आपला खरबरीत तळहात क्षणभर टेकवला आणि लगेच त्याला ढकललं. "'मग येऊन अर्पण कर,' असं आहे ना पुढे? जा वर. लोक ताटकळलेत."

"आणि तू?"

"मी पुढे येते. मागे नीट ऐकू येत नाही."

आणि सगळ्यांदेखत पहिल्या बाकापाशी जाऊन ती समितीला म्हणाली, "जरा सरका."