कमळांची बाजू

आपल्या शहराला दरवाजांचं भारी कौतुक. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून सगळीकडं नाव. पाव्हणा आला की त्याला आधी भडकल दरवाजा दाखवायचा, मग मकाई, मग पैठण दरवाजा. बावन्न कुणालाच सापडत नाहीत, ती गोष्ट वेगळी. तटबंदी बहुतेक ठिकाणी कधीच गेली, दरवाजे तेवढे उभे राहिले आणि त्यांच्या पोटातून रिक्षा धावायला लागल्या. भिंतच नाही, तर आत कुठलं नि बाहेर कुठलं, हा प्रश्न इथं कुणाला पडत नाही. हिमांशू पाटोदकरलाही पडला नव्हता, आणि तो तर आर्किटेक्ट!

तेरा सालचा उन्हाळा होता. जायकवाडी तळाला गेलेलं, नळाचा दिवस म्हणजे घराघरात सण, आणि तरी शहर आपलं शेंद्र्याच्या अंगानं वाढतच होतं. एका प्लॉटवर बोअरला नुसती धूळ लागायची आणि शेजारच्या प्लॉटवर नव्या घराचा पाया खणायचे. तिथल्याच एका माळावर हिमांशूनं चाळीस घरांची वसाहत आखली. या शहरात वसाहत म्हटली की कमान आलीच. पण त्याला सिमेंटची कमान नको होती. जवळच बोरखडी नावाचं लहानसं गाव नव्या रस्त्यात गेलं होतं. माणसं पांगली, घरं पाडली, गावाची दगडी वेस तेवढी माळावर एकटी उभी होती. हिमांशूनं ती घेतली. दगडादगडावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकून ती उतरवली, ट्रकनं आणली आणि नंबराप्रमाणं जशीच्या तशी उभी केली.

जशीच्या तशी, पण एक गोष्ट सोडून. वेशीच्या एका अंगाला कमळं कोरलेली होती, दुसरं अंग कोरं. बोरखडीत कमळं गावाकडं तोंड करून होती. हिमांशूनं ती रस्त्याकडं घेतली. घर बघायला येणाऱ्याला आधी कमळं दिसायला नकोत का?

वसाहतीच्या फाटकावर बन्सी नावाचा वॉचमन होता. तो मूळचा बोरखडीचाच. कमान पुरी झाली त्या दिवशी तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

"सायेब, वेस उलटी बसली."

"उलटी नाही रे, फिरवली. शोभेची बाजू पुढं नको?"

"शोभेची नाय ती." बन्सीनं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. "गावातून निघणाऱ्याला घराची याद राहावी म्हणून आतून कमळं. येणाऱ्याला कशाला पायजेत? त्याला गाव दिसतंच की. आता कमळं जिकडं, तिकडं घर, असंच समजंल ती."

"कोण ती?"

"वेस."

हिमांशू हसला आणि त्यानं बन्सीच्या पाठीवर थाप मारली. बन्सी काही हसला नाही.

एप्रिलात अकरा कुटुंबं राहायला आली. गारखेड्यातला फ्लॅट बंद करून हिमांशूही आला. बायको वैदेही, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी, आणि सात वर्षांची स्वरदा. आपण आखलेल्या वसाहतीत आपण राहायचं, याचं त्याला मोठं अप्रूप होतं.

आधी लक्षात आलं ते सामान. महिना झाला तरी कुणाच्या घरातली खोकी सुटली नव्हती. शेजारचे रामकिसन, निवृत्त तलाठी, रोज सकाळीच बूट घालून ओट्यावर बसायचे. मांडीवर पिशवी.

"कुठं निघालात, तलाठीसाहेब?"

"निघायचंच आता. लई दिवस झाले इथं."

"इथं म्हणजे? घर तुमचंच ना हे?"

रामकिसननी मागं वळून दारावरची स्वतःच्या नावाची पाटी वाचली. "व्हय की," ते म्हणाले. पण बूट काही काढले नाहीत.

नव्या जागेत असं होतंच, हिमांशूनं मनाला सांगितलं. वैदेहीसुद्धा दोन पातेल्यांत स्वयंपाक उरकत होती, बाकीची भांडी खोक्यात. विचारलं तर म्हणायची, "कशाला पसारा काढायचा? थोड्या दिवसांसाठी?" आणि मग स्वतःच थबकायची.

एका संध्याकाळी जेवताना स्वरदा म्हणाली, "बाबा, घरी कधी जायचं?"

तिला गारखेड्याची आठवण येत असणार, दुसरं काय! रविवारी तो तिला तिकडं घेऊन गेला, बंद फ्लॅट उघडला. दर वाढदिवसाला भिंतीवर तिची उंची पेन्सिलीनं लिहिली होती, ती दाखवली. पोरीनं सगळं नीट बघितलं.

"हे पण नाही," ती म्हणाली.

परत येताना बन्सी फाटक उघडेपर्यंत गाडी वेशीबाहेर थांबली. मागं मुरुमाचा माळ, चार बाभळी आणि हायवे. स्वरदा एकदम सीटवर गुडघ्यांनी उभी राहिली, मागच्या काचेतून माळाकडं तोंड करून. "आलं घर!" तिचा चेहरा असा फुलला की कितीतरी दिवसांत हिमांशूनं तो तसा बघितला नव्हता. गाडी वेशीतून आत शिरली आणि ती मुकाट्यानं खाली बसली.

त्यानंतर तो दुपारी घरी यायला लागला. बाराच्या उन्हात वेशीपाशी उभा राहायचा. वसाहतीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, बायका ड्रमला कुलपं लावायच्या, आणि वेशीचा उंबरा मात्र ओला असायचा. कमळांच्या बाजूनं. त्यानं हात लावून पाहिला, दगड गार होता. माळावरून शेणसड्याचा वास येत होता. भाकरी भाजल्याचा वास येत होता. चूल कुठं दिसत नव्हती, जनावर नाही, माणूस नाही. गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मात्र सावकाश जवळ आला आणि वेशीपाशी थांबला.

"पाणी कोण टाकतं इथं?" त्यानं बन्सीला विचारलं.

बन्सी दुसरीकडं बघायला लागला. "नवं माणूस गावात घ्यायचं झालं की वेशीत पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. मग ते माणूस गावाचं. आमच्यात तशीच रीत. माझ्या बायकोला बी तसंच घेतलं."

"अरे, पण टाकतं कोण?"

"मी नाय, सायेब. इथं प्यायला नाय, तर पायावर कुठून घालू?"

हिमांशूनं त्याच दिवशी क्रेनवाल्याला फोन केला. डिझाइनमध्ये बदल आहे, कमान फिरवायची, असं सांगितलं. उलटी बसवली म्हणायला जीभ रेटेना. क्रेन सोमवारी येणार होती. मधे दोनच दिवस. ते दोन दिवस त्यानं स्वरदाला नजरेआड होऊ दिलं नाही. शनिवारी तिनं दप्तर भरलं. सुट्ट्या चालू होत्या. त्यानं दप्तर कपाटावर ठेवून दिलं आणि पोरीला कुशीत घट्ट धरून बसला. देवाधर्माचं फारसं न करणाऱ्या त्या माणसानं मनातल्या मनात हात जोडले. एवढी एकच पोर आहे रे बाबा, म्हणाला.

रविवारी टँकर आला. स्वरदाला वरच्या खोलीत बसवून दोन हंडे भरून ठेवायला तो खाली गेला. पाच मिनिटं. फार तर सहा.

वर आला तर खोली रिकामी.

तो अनवाणीच पळाला. डांबर पायाला चटके देत होतं. बारा वाजले होते.

वेशीपलीकडं, माळावर, स्वरदा उभी होती.

तिची पावलं घोट्यापर्यंत ओली होती. पायाखालचा मुरूम भिजून काळा झाला होता. शेजारी भाकरीचा एक तुकडा पडला होता, वाफ निघणारा.

तिच्याभोवती कुणी नव्हतं. ती मात्र आळीपाळीनं वर बघत होती, चारसहा मोठी माणसं बोलत असली की लेकरू जसं बघतं, तसं.

"स्वरदा!"

तिनं वळून बघितलं. घाबरली नाही, हसली नाही.

बन्सी फाटकाला धरून उभा होता. "आता नका आणू, सायेब," तो हळूच म्हणाला. "घेतलं तिला."

हिमांशूनं त्याला शिवी हासडली, पोरीला उचललं आणि वेशीतून आत आणलं. उंबऱ्यावर पाय पडला तेव्हा कानात दडे बसल्यासारखं झालं, इतकंच. ती अंगावर निमूट राहिली. तिचे ओले पाय त्याच्या सदऱ्याला लागत होते. आणली! आणली परत! त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

घरात आल्यावर ती सोफ्याच्या कडेवर बसली, हात मांडीवर ठेवून. वैदेहीनं पाणी दिलं. पोरीनं दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"काकू, मी निघते. आई वाट बघत असेल."

हिमांशूनं वैदेहीकडं बघितलं. ती किंचाळेल, रडेल, पोरीला गदागदा हलवेल, असं त्याला वाटलं. वैदेही आत गेली. कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली आणि तिनं पोरीच्या कपाळाला बोट टेकवलं. हातावर दोन लाडू ठेवले.

"अगं, काय करतेस?" तो ओरडला.

"जाऊ द्या हो तिला," वैदेही समजुतीनं म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू, किती वेळ ठेवून घ्यायचं?"

काहीतरी बोलायचं होतं. फार महत्त्वाचं होतं. आत्ता, या क्षणी बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि ते नेमकं काय होतं, ते त्याला आठवेना. छाती मात्र उगाच धडधडत होती. ऊन लागलं असावं.

पोर दाराशी गेली. तिला चपलेचा पट्टा लावता येत नव्हता. गोड पोर होती. हिमांशू खाली बसला, पट्टा लावून दिला आणि त्यानं कौतुकानं विचारलं,

"नाव काय गं बाळा तुझं?"