डाव्या कानाखालची गाठ

ही घडलेली गोष्ट आहे. सन १९५४, पौष महिना, आरमोरीपासून दोन कोसांवरचं रानाकडचं एक गाव. मनकर्णाबाईच्या तोंडून ऐकली, तशीच लिहिते.

मनकर्णाची सासू सुगंधाबाई माना चोळून द्यायची. लाकडाचे भारे, धानाचे बोजे माथ्यावर वाहणाऱ्या बाया लांबलांबून तिच्याकडे यायच्या. त्या वर्षी ती सुनेला शिकवत होती.

"आंगठा हाडावर नाई ठेवायचा वं. शिरेच्या कडेनं. गाठ लागली का थांबायचं. बाईनं श्वास सोडला का मंग आत जायचं. भाकर थापून राह्यली का तू?"

मनकर्णा हसायची. सासूचा हात तिच्या हातावर असायचा, मोहाच्या तेलानं माखलेला, कोमट.

मनकर्णा ओली बाळंतीण. म्हणून तिच्या वाट्याचं सरपणही सासूच आणायची. दोन भारे, एका माथ्यावर. त्यानं सुगंधाबाईच्या स्वतःच्याच मानेत, डाव्या कानाखाली, सुपारीएवढी गाठ धरली.

एका सकाळी ती सुनेकडे पाठ करून बसली. "आज माही मान चोळ. पाहू दे काय शिकली त."

मनकर्णानं गाठीवर अंगठा ठेवला... आणि पाळण्यात पोरगी रडली.

"आत्याबाई, जराशी थांबा. पाजून येते."

"पाज, पाज. मान कुठी पळून राह्यली."

पोरगी निजेपर्यंत सुगंधाबाई रानात निघून गेली होती.

दुपारी ती मोहाखाली बसलेली सापडली. दोन्ही भारे डोक्यावर तसेच.

अंग गार.

पंधरा दिवस गेले.

भर दुपार. घरची माणसं खळ्यावर. मनकर्णा ओसरीत तांदूळ निवडत होती. एक बाई आली, डोक्यावरून पदर ओढलेला, आणि चटईवर पाठ करून बसली. अशा बाया यायच्याच.

"कोणत्या गावच्या वं बाई?"

बाईनं मानेवरचा पदर तेवढा बाजूला सारला.

शेजारी अन्नपूर्णाचं मुसळ चालू होतं. ते थांबलं...

मनकर्णानं तेल कोमट करून मानेला लावलं. तळहाताखालीच ते गार पडलं.

डाव्या कानाखाली गाठ लागली.

सुपारीएवढी.

ती थांबली. बाई श्वास सोडेल म्हणून वाट पाहिली...

वाट पाहिली...

श्वास आलाच नाही.

मनकर्णाला कळलं. पण ती पळाली नाही. आता तरी ही गाठ सुटू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

"आत्याबाई, लय दुखून राह्यलं का?"

डोकं हळूच हललं. हो.

तिनं दोन्ही अंगठे लावले. गाठ जराशी सैल झाली... आणि आत पोरगी रडली. रडता रडता तिचा आवाजच बंद झाला.

"जराशी थांबा," तोंडून निघून गेलं.

आत पोरगी निळी पडली होती. मनकर्णानं तिला उचललं, पाठ थोपटली, श्वास परत आला. तशीच तिला घेऊन ती बाहेर धावली.

चटई रिकामी.

डावीकडच्या कुंपणावरून अन्नपूर्णा विचारत होती, "कोणासंग बोलून राह्यली वं मघापासून?"

तिच्याकडे पाहायला मनकर्णानं मान वळवली.

मान वळली नाही.

आजही वळत नाही. परवा मी तिच्या डाव्या कानाखाली हात लावून पाहिला. तिचं अंग तापानं फणफणत होतं... तेवढी गाठ गार. चोळून देऊ का, मी विचारलं.

"राहू दे पोरी," ती म्हणाली. "आत्याबाईची हाय."