दर तीन महिन्यांनी एक ‘नाही’

हे कुणालाही पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पटलं, तर माझं नाव गेणबा नाही. बरं, खात्री करायची म्हटली तर यातली दोघंही इथंच, मुळशीकडच्या चांद्यात, माझ्या ओट्यावर बसलीत. ही उत्कर्षा, दोन वर्षं माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी. आणि तो अमोघ, पिरंगुटच्या पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. पण त्यांना विचारून उपयोग नाही, सकाळपासून एकमेकांशी चकार शब्द बोललेली नाहीत. उत्कर्षाचं सामान भरलेला टेम्पो दारात उभा आहे, ड्रायव्हर राजू पंक्चर काढून आणायला गेलाय. तो आला की ही परभणीला चालली, कायमची. अमोघ म्हणे फक्त कपाट उचलायला आलाय. कपाट चढवून दोन तास झाले... बसलाय आपला.

तर राजू येईतोवर ऐका.

"ह्यांच्या बोलन्यावर जाऊ नगा कुनी," आमची धोंडाबाई आतनं म्हणालीच. नका जाऊ. ऐका फक्त.

उत्कर्षा होती जगभर पसरलेल्या एका मोठ्या ऑडिट कंपनीत. इतकी मोठी, की एका ऑफिसात दिवा मालवतात तेव्हा दुसऱ्या ऑफिसात सकाळचा चहा येतो. हिचं काम असं, की दुसऱ्यांच्या कारखान्यात जायचं आणि त्यांनी ‘आहे’ म्हणून लिहिलेलं खरंच आहे का ते बघायचं. एकतीस मार्चला ही अशीच पिरंगुटला माल मोजायला गेली. पत्र्याच्या शेडखाली असा उकाडा, की कोंबडीनं अंडं घातलं असतं तर ते उकडूनच बाहेर पडलं असतं. शिडीवर उत्कर्षा, खाली शिडी धरून अमोघ. मोजून झालेल्या खोक्यावर खडूनं खूण करायची, ही त्यांची रीत.

"मॅडम, हे खोकं दुसऱ्यांदा मोजताय."

"मग खूण कुठंय त्याच्यावर?"

"तुमच्या गालावर."

हिनं गाल पुसला, खडूच्याच हातानं. दुसराही पांढरा.

"आता?"

"आता दोन्ही बाजू जुळल्या."

त्या दिवशी हिनं एकच रॅक तीनदा मोजला. बेअरिंगं भरली चारशे बारा, मग चारशे नऊ, मग चारशे तीस! चौथ्यांदा मोजायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. "चूक शोधतेय," म्हणाली. चूक शिडी धरून उभीच होती की.

मग रविवार आले. मुळशी धरणाचा काठ, अंगावर येणारा वारा, लिंबू चोळलेलं गरम कणीस.

"तुला एक सांगायचंय..." हा म्हणायचा.

"सांग ना."

"...कणीस गार होतंय तुझं."

असा गडी!

आणि मग आला तो फॉर्म. दर तीन महिन्यांनी कॉम्प्युटर विचारायचा, ज्यांचं ऑडिट करता, तिथल्या कुणाशी तुमचे जवळचे संबंध आहेत का? तपासणाऱ्यानं तपासायच्या जागी जीव गुंतवायचा नाही, असा कंपनीचा नियम. बरोबरच आहे म्हणा. ‘हो’ लिहावं, तर हिचं काम जाणार आणि अमोघनं मोजलेल्या मालावर सगळे संशय घेणार. ‘नाही’ लिहावं, तर ते खोटं. आणि खोटं हिला जमत नाही. माझ्या घरात दोन वर्षं राहूनसुद्धा शिकली नाही.

"मग ‘नाही’ खरंच करून टाकू," ती त्याला म्हणाली. "भेटायचं नाही, फोन नाही. कामाशिवाय बोलायचं नाही."

"किती दिवस?"



चाललं की दीड वर्ष! पुढच्या एकतीस मार्चला पुन्हा शिडीवर ही, शिडी धरून तो. "चारशे बारा." "बरोबर." अख्ख्या दिवसात एवढंच बोलणं. पण रोज संध्याकाळी सातला अमोघची मोटारसायकल आमच्या गल्लीतनं जायची. राहायला भूगावला, चांदं त्याच्या वाटेतही नाही! थांबायचा नाही, मान वळवायचा नाही. पण गाडी इतकी हळू, की आमची कोंबडी पुढनं दोनदा रस्ता ओलांडून यायची. त्या वेळी ही गच्चीवर. वाळलेली ओढणी काढायची... पुन्हा तीच वाळत घालायची. पिवळी ओढणी वाळून वाळून पांढरी झाली!

एकदा मी म्हणालो, "पोरी, येक हाक मार की त्याला!"

"हाक मारली, आबा, तर या खेपेला फॉर्मवर काय लिहू?"

मग बातमी आली, कंपनीची वाटणी होणार. ऑडिटवाले वेगळे, सल्ला देणारे वेगळे. सल्ल्याच्या घरात गेलं की हा फॉर्म सुटला. हिनं पहिल्याच दिवशी अर्ज केला आणि सहा महिने डोळे लावून बसली. एका सकाळी परदेशातल्या साहेबांचं पत्र आलं, वाटणी रद्द. वाटणीच्या दिवशी भाऊ तलाठ्याच्या दारातनं माघारी फिरतात ना, तसं. महिन्यानं दुसरं पत्र आलं. आता बरंच काम यंत्रच करणार, तेव्हा माणसं कमी. त्यात उत्कर्षा.

नोकरी गेली की लोक रडतात. ही हसत जिना उतरली. "आबा, आता फॉर्म नाही!" सातला गच्चीवर न जाता दारातच उभी राहिली. अमोघ आला. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं गाडी बंद केली. सगळं ऐकून घेतलं... आणि म्हणाला, "वाईट झालं." बस्स. गाडी सुरू केली, गेला.

मला मागनं सांगतो, "आबा, आत्ता विचारलं तर तिला वाटेल, दया म्हणून विचारतोय." दया! आठ दिवस ती सातला दारात उभी. नवव्या दिवशी तिनं टेम्पो ठरवला.

"आबा, कशाला उगाच..." अमोघ पुटपुटला.

"तू गप रं. बोलायच्या टायमाला तुजं कनीस गार हुतं."

तर खरी गंमत पुढंच आहे. काल काय झालं, तुम्हांला ठाऊक नाही. ही दोघं गुपचूप मुळशीला गेली. पाणी असं निवांत, की बघून भांग पाडावा. अमोघ तिच्यासमोर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "उत्कर्षा, नोकरी असो नसो, परभणी असो का चांदं, मला तुझ्याशी लग्न करायचंय." शंभर मासे पाण्यातनं डोकं वर काढून ऐकायला लागले! कोळ्यांनी जाळी खाली ठेवली. आणि आपली उत्कर्षा... ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत... म्हणाली—

"खोटं!"

उत्कर्षा ताडकन उठली. डोळे भरलेले, आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"साफ खोटं, आबा! कुठं विचारलं त्यानं? अजून विचारलंच नाहीये... आणि मी ‘हो’ म्हणायला दीड वर्ष थांबलेय!"