कोणाची हरकत असल्यास

२०१३ साल होतं. मी अठ्ठावन्न वर्षांची, शाळेतून निवृत्त, विधवा होऊन अकरा वर्षं झालेली. नाशिकला इंदिरानगरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी निकिता. प्रेमात पडायचं ते वय नव्हे, असं तेव्हा वाटायचं. आज एकाहत्तरीत वाटतं, अगदी तरुण होते की मी!

जानेवारीतला शनिवार. चर्च रिकामं आहे असं पाहून मी पुढे उभी राहून बायबलमधला शास्त्रपाठ मोठ्याने वाचायचा सराव करत होते.

"ऐकू येत नाही!"

मी दचकले. शेवटच्या बाकाखालून एक पांढरं डोकं वर आलं. हातात हातोडी.

"बाकाचा पाय हलत होता," ते गृहस्थ म्हणाले. "मी शांतवन ओहोळ. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमधून रिटायर. मशीनच्या आवाजात कान गेलेत माझे. मला ऐकू आलं की समजा, सगळ्या मंडळीला आलं. वाचा पुन्हा."

"तुम्ही परीक्षक का?"

"छे! सुतार. तोही हौशी."

मी पुन्हा वाचलं... आणि का कोण जाणे, जरा जास्तच छान वाचलं.

त्या सरावाला कारण होतं. आदल्या नाताळात आम्ही चर्चची मंडळी कळवणजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो. आमच्या चर्चचे पाद्री, पाळकसाहेब, यांची गाडी वाटेत बंद पडली. लोक दोन तास ताटकळले, शेवटी मीच उभी राहिले आणि प्रार्थना घेतली. निघताना एका म्हातारीने माझे हात धरले. "पुढल्या ऐतवारी येशील ना, माय?"

तो प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना. पाळकसाहेब म्हणाले, "देवाने बोलावणं म्हणतात ते पाचारण हेच असेल, मंजुषाबाई. पाळक व्हायला नको. आहात तशाच, घरी राहून, बिशपांच्या परवानगीने उपासना चालवायची, उपदेश करायचा. ले रीडर म्हणतात. पण आधी चर्च कमिटीपुढे मुलाखत."

मुलाखत एप्रिलात होती. तोवर दर शनिवारी मी वाचायची आणि ओहोळ शेवटच्या बाकावर बसून ऐकायचे. बाक कधीच दुरुस्त झाला होता.

"स्वेटर नवीन वाटतं?"

"वाचनाकडे लक्ष द्या."

"वाचन ऐकायला कान आहेत. डोळ्यांनी काय करायचं?"

मी पान उलटलं, पण दोन पानं एकदम उलटली गेली. नंतर मी थर्मासमधला चहा ओतला. त्यांनी कप खालून अलगद धरला — बोटांना बोटं लागली. दोघंही खिडकीच्या रंगीत काचांकडे बघत बसलो, जणू त्या आजच बसवल्या होत्या.

मार्चच्या शेवटी त्यांनी विचारलं. सरळच. "माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही माझ्याशी लग्न कराल?"

हो म्हणावंसं वाटत होतं, तेवढीच भीतीही. साठीला आलेली विधवा, लग्नाला निघालेली... तिला कमिटी वेदीजवळ उभी करील? आणि ती पाड्यावरची म्हातारी?

"आपण आता भेटायला नको," मी म्हणाले. "मुलाखत होईपर्यंत."

"आणि नंतर?"

"त्यांनी नेमलं तर... कधीच नको."

ओहोळांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "देव तुम्हाला बोलावतोय, हे मला पटलंय. पण मला नको म्हणालाय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुढचे तीन शनिवार मी रिकाम्या बाकांना वाचून दाखवलं.

मुलाखतीला पाच जण होते. मधोमध यशोदाबाई — आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्क आणि सर्वांत कडक. सगळं नीट चाललं. शेवटी त्यांनी विचारलं, "या कामाच्या आड येईल असं काही आहे?"

नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलून तिथे उभी तरी कशी राहणार होते?

"एक गृहस्थ आहेत," मी म्हणाले. "मी त्यांना नाही म्हटलंय. पण... मनातून नाही म्हणता येत नाही."

यशोदाबाईंनी चष्मा काढला.

"ओहोळ ना?"

मी मान खाली घातली.

"अगं, शनिवारी दोन कप असतात, हे आपला झाडलोट करणारा बुधा तीन महिने सांगतोय! मी म्हटलं, बघू ही स्वतः सांगते का. लग्न केल्यावर बाईचा आवाज बसतो होय? उलट पाड्यांवर एकटी कशी फिरणार होतीस? त्यांच्याकडे स्कूटर आहे ना?"

पाळकसाहेब हसायला लागले. मी हसता हसता रडले. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलला होता.

घरी येऊन फोन लावला. "ओहोळसाहेब, तुमचा प्रश्न... अजून तसाच आहे का?"

पलीकडून आवाज आला, अगदी हळू — "तसाच आहे हो."

जूनमध्ये बिशपांचं पत्र आलं. माझ्या पहिल्या उपासनेला पाळकसाहेब मुद्दाम दुसऱ्या गावी गेले. बुधाने सूचनांचा कागद हातात दिला. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचून दाखवतात. शेवटची सूचना तीच होती.

"शांतवन ओहोळ, विधुर... आणि मंजुषा साळवे, विधवा..." मी कागद जवळ धरला. "यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास, त्यांनी ती आत्ताच कळवावी."

मी थांबले. नियमापेक्षा जास्तच थांबले. निकिता तोंडावर रुमाल धरून हसत होती. यशोदाबाई मागे वळून एकेकाकडे बघत होत्या — बोलून तर दाखवा!

कोणी बोललं नाही. मी गीताचा क्रमांक सांगितला.

यशोदाबाई २०१९ला गेल्या. त्यांच्या घरची प्रार्थना मीच घेतली. बुधा मुलाकडे पेठला असतो. निकिता पुण्यात, तिला दोन मुली. पाड्यावरची म्हातारी मात्र मी परवानगी घेऊन पोचण्याआधीच वारली होती. तिच्या सुनेने चटई अंथरली. पहिल्या वेळी आम्ही सहाच जण होतो, आता चाळीस असतात. ओहोळ चौऱ्याहत्तरचे झालेत. स्कूटर विकली, एसटीने जातो. खिडकीची जागा त्यांना लागते, आणि गाडी वणीच्या पुढे गेली की ते माझ्या खांद्यावर झोपतात.