टाकीतला न विझणारा दिवा

हीटरचा दिवा लागलेला, हवेचे बुडबुडे सुरू, पाणी स्वच्छ. आणि तरीही अकराच्या अकरा झेब्रा मासे वर येऊन धापा टाकत होते. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे दहा वर्षांच्या केतकीला कळेना.

मंगळावरच्या अरुणवाडीत माशांची ही एकच टाकी. मासे महिन्यापूर्वीच यानातून आले होते आणि त्यांची काळजी केतकीवर सोपवली होती. मंगळावर जन्मलेला पहिला मासा याच टाकीत दिसणार होता. हे मासे गेले, तर पुढचं यान सव्वीस महिन्यांनी.

तिनं यंत्रमानवाला विचारलं. त्याचं नाव सोबती.

"कालपासून दिवा एकदाही विझलेला नाही," सोबती म्हणाला. "हीटर उत्तम चालू आहे."

हे ऐकून दारातून येणारे आबा, म्हणजे तिचे शास्त्रज्ञ आजोबा, जागीच थबकले. त्यांनी आधी हीटरची वीज तोडली, मगच केतकीला पाण्यात हात घालू दिला. पाणी आंघोळीचं असतं तसं कढत होतं.

"पण आबा, हीटरवर तर सव्वीस अंश दिसतंय."

"ती आपण त्याला केलेली मागणी, बाळा. पाणी खरंच किती तापलंय, ते वेगळा तापमापक सांगतो. आपला गेल्या आठवड्यात फुटला, आणि मी म्हटलं, हीटरवर आकडा आहे ना, चालेल."

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून ते बिचारे धापा टाकत होते. एकदम गार पाणी ओतलं तर तो दुसरा घाव. म्हणून दोघं पेला-पेला पाणी घालत राहिले. दुपारपर्यंत सात मासे उलटे तरंगले. केतकी रडत होती, पण तिनं पेला खाली ठेवला नाही.

चार मासे सावरल्यावर आबांनी हीटर उघडून थर्मोस्टॅट (पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणारा भाग) दाखवला.

"ही पट्टी दोन धातूंची. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो, पट्टी वाकते, वीज तुटते, दिवा विझतो. पाणी निवलं की पुन्हा सरळ. पण दर वेळी बारीक ठिणगी उडते. मासे यायच्या आधी हा हीटर रोपांच्या टाकीत होता; नऊ वर्षांच्या ठिणग्यांनी टोकं वितळली आणि एकमेकांना चिकटली."

"म्हणजे दिवा मधून मधून विझायलाच हवा होता?"

"हो. सतत लागलेला दिवा हीच तक्रार होती."

"मग नवा हीटर का नाही लावला?"

आबांनी खण उघडला. आत एक तापमापक आणि दोन छोटे हीटर होते, सहा वर्षं वेष्टनही न काढलेले. अरुणवाडीची रीतच तशी: चालतंय तोवर बदलायचं नाही, नवं जपून ठेवायचं. पृथ्वी का शेजारी आहे?

"जुनं ते सोनं म्हणत बसलो," आबा म्हणाले. "चूक सोबतीची नाही, तुझीही नाही. माझी आहे."

निम्म्या शक्तीचे दोन हीटर त्यांनी टाकीच्या दोन टोकांना लावले. "एका मोठ्याऐवजी दोन का, सांग पाहू."

केतकीनं डोळे पुसले. "एक बंद पडला, तर दुसरा पाणी एकदम गार पडू देणार नाही. आणि एक चिकटून बसला तर… एकटा पाणी हळूहळू तापवेल. आपल्याला कळायला वेळ मिळेल."

"आणि कळणार कसं?"

तिनं तापमापक दोन्ही हीटरपासून दूर, मधोमध बसवला. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः आकडा बघायचा, असं ठरलं.

पंधराव्या दिवशी काचेला केसाएवढं काहीतरी चिकटलेलं दिसलं. त्याला दोन काळे ठिपके होते. डोळे. केतकी बराच वेळ नुसती बघत राहिली. तिला आनंद झाला होता, आणि ते सातही आठवत होते.

मग तिनं दोन्ही हीटरच्या वायरींना चिठ्ठ्या चिकटवल्या: 'पुढचं यान आलं की बदलणे.'

आबांनी वाचलं. "तेव्हा चांगले चालत असले तर?"

"चालत असतानाच बदलायचे, आबा."

आबांनी पेन मागितलं आणि चिठ्ठ्यांवर सही केली.