भरलेली गाडी

भोसरीहून निघोज्याला जाणारी दुपारची बस म्हणजे डेपोने पोसलेला पांढरा हत्ती, असं सगळेच म्हणत. डेपोतल्या कारकून बिल्किसला ते ऐकून राग येई. येताना याच गाडीने तिची बहीण रुक्साना आणि कंपनीतल्या दहाबारा बायका घरी परतत. गाडी बंद झाली, तर ट्रकांच्या रस्त्याने पायपीट करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

पण जाताना गाडी रिकामी असे. दर तिमाहीला प्रत्येक मार्गाचा कामगिरी अहवाल वर जाई. मागच्या दोन्ही अहवालांत ही गाडी निम्मीही भरली नव्हती. तिसऱ्यांदा तसंच झालं की मार्ग बंद, असा नियम होता. "दे दडपून आकडे," डेपोतल्या साहेबांनी सुचवलं होतं. बिल्किसने साफ नकार दिला. खोट्याच्या कपाळी गोटा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मार्ग ती वाचवणारच होती, पण खऱ्या माणसांच्या जोरावर.

म्हणून आज मोजणीला ती स्वतः निघाली. पडताळणीसाठी मुख्य कार्यालयातून यशवंतराव आले होते. कडक शिस्तीचे, ओठ घट्ट मिटलेले गृहस्थ. ते तिच्या शेजारी बसले. बाकी गाडीत ड्रायव्हर आणि म्हातारा कंडक्टर धोंडीबा, एवढेच.

कुरुळी मागे पडली. एका कंपनीच्या लांबलचक भिंतीपाशी धोंडीबाने घंटी मारली. गाडी थांबली, दार उघडलं. बाहेर ऊन, धूळ आणि भिंतीवरच्या काटेरी तारा.

"इथे थांबा नाही," यशवंतराव म्हणाले.

"न्हाई साहेब. पर थांबावं लागतं." धोंडीबाची नजर दारावरून हलली नाही.

गाडी नवी होती. माणसं चढली की सुस्कारा सोडून जराशी खाली बसायची. आताही ती बसली. मग आणखी थोडी. चुलीच्या धुराचा वास आत आला आणि गर्दीत होतं तसं गुदमरायला लागलं. बिल्किसने एकेक सीट न्याहाळली. सगळ्या रिकाम्या होत्या.

"फुडं सरका, जागा हाय," धोंडीबा म्हणाला आणि त्याने दोन घंट्या दिल्या. गाडी जड अंगाने निघाली.

तोच यशवंतराव उठले. "बसा, बसा," असं कुणाला तरी म्हणत त्यांनी वरचा दांडा धरला. मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

"साहेब, बसा ना."

"कुठे?" त्यांनी विचारलं.

बिल्किसने मोजणीचा कागद पुढे ओढला.

"गाडी भरलेली, असं लिहा," ते शेवटी म्हणाले.

"मी खात्री झालेलीच माणसं लिहिते, साहेब."

ब्रेक लागला. बिल्किस पुढे झुकली आणि गळ्याशी ओढणी ताणली गेली. तिचं टोक शेजारच्या सीटवर पसरलं होतं.

तिने हलकेच ओढलं. सुटेना.

पुन्हा ओढलं.

कुणी जरासं उठावं तशी गादी वर आली. ओढणी मोकळी झाली, आणि गादी परत दबली.

ओढणीचं टोक उबदार होतं. बिल्किसने ते मांडीवर घेतलं. मग पेन उघडलं, आणि शेजारच्या सीटपासून मोजायला सुरुवात केली.